गुळाचा रंग : महाविद्यालयीन वार्षिकांकातील एका छायाचित्र-विभागाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातील एका कला व वाणिज्य महाविद्यालयातील आहे. महाविद्यालय, गाव आणि संबंधित माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून कोणाचीही नावे दिलेली नाहीत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत. त्या वर्षी वार्षिकांकाचा मार्गदर्शक प्राध्यापक मी होतो, त्यामुळे पुढे ज्या चुकांची नोंद येते त्यांतील काही माझ्याच आहेत.

आमच्या वार्षिकांकात छायाचित्रे म्हणजे शेवटची चार गुळगुळीत पाने, असा अनेक वर्षांचा प्रघात होता. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, पाहुण्यांचा सत्कार आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांचे फोटो गावातील स्टुडिओवाला काढून देत असे आणि छापखान्यातील डीटीपी ऑपरेटर ते आपल्या सोयीने चौकटीत बसवत असे. त्या वर्षीच्या विद्यार्थी संपादक मंडळाने हे मोडायचे ठरवले. संपादक असलेल्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने प्रस्ताव ठेवला की जवळच्या गावातील एका गुऱ्हाळावर जाऊन घाण्यातून रस निघण्यापासून गुळाची ढेप बांधली जाईपर्यंतचे एक संपूर्ण आधण छायाचित्रांतून दाखवावे, त्यासाठी बारा पाने राखावीत आणि सगळी छायाचित्रे विद्यार्थ्यांनीच काढून त्यांचे एडिटिंगही विद्यार्थ्यांनीच करावे.

विषय चांगला होता. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या घरचा ऊस कधी ना कधी गुऱ्हाळाला गेलेला आहे, आणि तरीही अंकात गुऱ्हाळावर आजवर दोन कविता सोडल्या तर काही आलेले नव्हते. साधने मात्र तुटपुंजी होती. कार्यालयाच्या कपाटात एक डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स होती. कार्यक्रमांसाठी घेतलेला तो कॅमेरा ‘ऑटो’च्या खुणेवरून कधीच हललेला नव्हता. संगणक कक्षात फोटो एडिटिंगचे कोणतेही विकत घेतलेले सॉफ्टवेअर नव्हते. मंडळातील सहा जणांपैकी एकाला मोबाइलवर फोटो चांगले काढता येत होते आणि एकाला लग्नपत्रिका व फलक तयार करण्याचा थोडा सराव होता. अनुभव म्हणावा तो एवढाच.

अडचण

पहिली फेरी डिसेंबरमध्ये झाली. चौघे विद्यार्थी पहाटे गुऱ्हाळावर गेले, दुपारपर्यंत थांबले आणि संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर शेकडो फोटो येऊन पडले. मोबाइलच्या पडद्यावर त्यातले कित्येक सुंदर दिसत होते आणि मीही उत्साहाने अंगठे दाखवले. दोन दिवसांनी संपादक विद्यार्थिनी त्यातले वीस निवडून छापखान्यात गेली. ऑपरेटरने ते मोठ्या पडद्यावर उघडले आणि यातला एकही पानभर छापता येणार नाही, असे सांगितले.

त्याची कारणे आम्ही नंतर एकेक करून समजून घेतली. पहिले कारण आकाराचे होते. ए-फोर पान ३०० पिक्सेल प्रति इंच या घनतेने छापायचे तर प्रतिमा साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची लागते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे चांगल्या छपाईत जेमतेम सव्वापाच इंच. कॅमेऱ्यातील मूळ फाइल ६००० गुणिले ४००० पिक्सेलच्या होत्या. पण गटावर टाकल्यानंतर कार्ड रिकामे करून कॅमेरा कार्यालयात परत देण्यात आला होता. मोबाइलवरचे मूळ फोटो शिल्लक होते, कॅमेऱ्यातले गेले. डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर फाइल जशीच्या तशी आली असती, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणालाही, मलाही, माहीत नव्हती.

दुसरे कारण प्रकाशाचे होते. गुऱ्हाळघर म्हणजे काळोखी शेड. एका बाजूला उघडे दार, पत्र्यातील फटींतून येणारे उन्हाचे कवडसे, खाली चुलवाणाची आग आणि मधे काहिलीवर, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईवर, उभा राहिलेला वाफेचा पडदा. ‘ऑटो’वरील कॅमेऱ्याने जिथे दार चौकटीत आले तिथे दारापुरते उजेडाचे मोजमाप केले आणि माणसे कोळशासारखी काळी झाली. जिथे त्याने आपण होऊन फ्लॅश उघडला तिथे जवळच्या वाफेवर तो प्रकाश आदळून पांढरी भिंत तयार झाली. फ्लॅश बंद केला तेव्हा शटरचा वेग १/८ सेकंदापर्यंत उतरला आणि पाक ढवळणाऱ्या माणसाचे हात पुसट झाले. पहाटेच्या थंडीतून थेट वाफेत शिरल्यामुळे लेन्सच्या काचेवर दव धरले होते. सुरुवातीचे तासाभराचे फोटो त्यामुळेच धुरकट आले. मुलांना तो धूर चुलवाणाचा वाटला होता.

तिसरे कारण रंगाचे, आणि पुढे सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच फिरले. एकाच काहिलीतला एकच गूळ एका फोटोत शेंदरी, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात राखाडी दिसत होता. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. आगीचा प्रकाश साधारण २००० केल्विनचा, म्हणजे तांबूस. दिवसाचा उजेड ५५०० च्या घरात. आणि त्यांत भर म्हणून खांबावर एक एलईडी दिवा. कॅमेरा प्रत्येक चौकटीत वेगळा अंदाज बांधत होता.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. अंक मार्चअखेर हवा होता, छापखान्याला मजकूर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायचा होता आणि गुऱ्हाळाचा हंगाम अजून चालू होता. चार पर्याय पुढे आले.

स्टुडिओवाल्याला एक दिवस गुऱ्हाळावर नेणे, हा सर्वांत सोपा मार्ग होता आणि खर्चही आवाक्यातला होता. त्याच्या बाजूने सर्वांत जोरात मी बोललो, हे प्रांजळपणे नोंदवतो. मला अंक वेळेवर निघण्याची चिंता होती. संपादक विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, ‘सर, मग अंकावर विद्यार्थ्यांचे छायाचित्रण असे लिहिता येणार नाही, आणि पुढच्या वर्षीही आपण तिथेच असू.’ दुसरा पर्याय विषय बदलण्याचा होता. आठवडी बाजार उघड्यावर भरतो, उजेडाचा प्रश्न येत नाही. तो पर्याय मला आजही वाईट वाटत नाही. नवशिक्यांनी कठीण प्रकाशापासून सुरुवात करावी, असा काही नियम नाही. परंतु गुऱ्हाळमालकाने मुलांना दिवसभर बसवून घेतले होते, रस पाजला होता, आणि त्याच्याकडून परस्पर पळ काढणे कोणालाच बरे वाटेना.

तिसरा पर्याय होता तो आहेत तेच फोटो संगणकावर दुरुस्त करण्याचा. फलक तयार करणाऱ्या विद्यार्थ्याचा यावर पूर्ण विश्वास होता. त्याने एक काळवंडलेला फोटो उजळून दाखवला. चेहरे दिसू लागले, पण त्यांवर रंगीत ठिपक्यांचा खरखरीत थर आला आणि कपाळावर चौकोनी तुकडे उमटले. दाबलेल्या जेपेग फाइलमध्ये सावलीचा तपशील उरलेलाच नसतो, तो कुठून आणणार? ही दहा मिनिटे माझ्या मते सगळ्या प्रकल्पातील सर्वांत उपयोगी शिकवणी ठरली, कारण एडिटिंग कशाला म्हणायचे याबद्दलचा मुलांचा समज तिथे बदलला.

उरला चौथा पर्याय : दोन आठवडे शिकायचे आणि पुन्हा जायचे. तोच स्वीकारला गेला, पण एका अटीवर. दुसऱ्या फेरीनंतर निदान आठ छापण्याजोगी छायाचित्रे हाती आली नाहीत तर विभाग रद्द करून ती पाने कथांना द्यायची, असे लेखी ठरले. या अटीमुळे मी निवांत झालो आणि मुले गंभीर झाली.

याच बैठकीत सॉफ्टवेअरचाही निर्णय झाला. एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर फोटोशॉपची कुलूप तोडलेली प्रत होती आणि ती वापरण्याकडे बहुतेकांचा कल होता. महाविद्यालयाच्या नावाने निघणाऱ्या अंकासाठी चोरीची प्रत वापरणे मला मान्य नव्हते. शिवाय ते यंत्र एकाच मुलाचे असल्याने बाकीचे केवळ त्याच्या खांद्यावरून बघत बसले असते. जिंप आणि डार्कटेबल ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअरे संगणक कक्षातील यंत्रांवर बसवली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, उघडून प्रकाश व रंग सुधारण्यासाठी डार्कटेबल, आणि बारीकसारीक कामासाठी जिंप, अशी विभागणी केली.

शिकण्याचे दोन आठवडे

प्रशिक्षकाला द्यायला पैसे नव्हते. माझा एक जुना विद्यार्थी एका दैनिकासाठी छायाचित्रे काढतो. त्याने दोन रविवार दिले. त्याने पहिल्याच दिवशी लेन्सचे छिद्र, शटर आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांचा त्रिकोण फळ्यावर काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. त्याने वर्गाच्या खिडकीजवळ एका मुलीला बसवले, बाकीचे दिवे बंद केले आणि सांगितले की खिडकी पांढरी फटक झाली तरी चालेल, पण हिचा चेहरा नीट आला पाहिजे. ऑटोवर तो येईना. मग मोजमाप चौकटभर न घेता एका ठिपक्यापुरते कसे घ्यायचे ते त्याने दाखवले, आणि नंतर मॅन्युअलवर नेऊन एका वेळी एकच आकडा बदलायला लावले. शटर १/१५ वर ठेवून मुलीला हात हलवायला सांगितला, मग १/६०, मग १/१२५. ढवळणारा हात गोठवायला किती वेग लागतो हे मुलांनी असे डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर आयएसओ वाढवत नेला. ३२०० पर्यंतची खरखर छापील पानावर खपून जाते आणि ६४०० ला ती चेहऱ्यावर दिसते, हे त्या कॅमेऱ्यापुरते ठरले. ही लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचे छिद्र ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही, पण १८ वर ३.५ पर्यंत उघडते (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). म्हणून काळोखात झूम करण्याऐवजी चार पावले पुढे जायचे. शेडमध्ये पुढे उकळता पाक असतो, तेव्हा पावले कुठपर्यंत टाकायची हे मालकाला आधी विचारायचे, हेही त्यानेच बजावले.

दुसऱ्या रविवारी रंगाची शिकवणी झाली. त्याने मुलांना गुळाचा एक मोठा खडा, स्टीलची ताटली आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाचा ताव आणायला सांगितला होता. ट्यूबलाइटखाली, साध्या बल्बखाली, व्हरांड्यात आणि उन्हात तोच खडा ताटलीत ठेवून कागदासह फोटो काढले. चारही फोटो संगणकावर शेजारीशेजारी उघडल्यावर गुळाचे चार रंग दिसले. मग डार्कटेबलमध्ये कागदावर टिचकी मारून ‘हा पांढरा आहे’ असे सांगितले आणि चारही गूळ जवळपास एका रंगाचे झाले. वर्गात हशा पिकला. खडा शेवटी मुलांनी खाल्ला.

या दोन आठवड्यांत एक गोष्ट निसटली. कॅमेरा हाताळण्याच्या प्रत्येक सरावात तो फिरून फिरून दोन मुलांच्याच हातात जात राहिला. तिन्ही मुली टिपणे घेत होत्या, यादी करत होत्या, खिडकीजवळ बसत होत्या. त्यांची टिपणे उत्तम होती आणि त्यामुळेच ही चूक माझ्या लक्षात आली नाही.

दुसरी फेरी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिघे पुन्हा गुऱ्हाळावर गेले. एकाकडे कॅमेरा, एकाकडे मोबाइल आणि संपादक विद्यार्थिनीकडे वही. रस काहिलीत भरल्यापासून पाक उतरेपर्यंत साधारण अडीच-तीन तास लागतात; त्यामुळे एका आधणात चुकलेला क्षण पुढच्या आधणात पुन्हा मिळतो, हे पहिल्या फेरीच्या टिपणांवरून लक्षात आले होते. म्हणून पहिल्या आधणात एकही फोटो काढायचा नाही, फक्त पाहायचे आणि कॅमेरा पिशवीतून बाहेर काढून शेडच्या हवेत रुळू द्यायचा, असे ठरले. हा निर्णय पूर्णपणे मुलांचा होता आणि तो सर्वांत मोलाचा निघाला. काचेवर दव धरले नाही, आणि सकाळच्या त्या तीन तासांत गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, मुलांशी बोलू लागला.

त्याने जे सांगितले ते कोणत्याही व्हिडिओत मिळाले नसते. रस उकळू लागतो तेव्हा पाणी जास्त, म्हणून वाफ दाट. भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढून टाकली की काहील स्वच्छ दिसते. आणि पाक जसजसा घट्ट होतो तसतशी वाफ विरळ होत जाते. म्हणजे काहिलीचा आतला रंग टिपायचा तर शेवटची पंधरा-वीस मिनिटे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी होते का हे तो बोटांनी पाहतो, तो क्षण फक्त दोन-तीनदा येतो आणि त्यासाठी कॅमेरा आधीच रोखलेला हवा. मुलांनी नऊ क्षणांची यादी केली आणि प्रत्येकासमोर उभे राहण्याची जागा लिहिली. फ्लॅश बंद. दाराकडे पाठ करून नव्हे, तर कवडशांकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे मागून उजेड पडलेली वाफ उजळते आणि माणसाची कड त्यात उठून दिसते. रॉ आणि जेपेग दोन्ही साठवायचे. आणि दर आधणाला एकदा, काहिलीजवळ, कोऱ्या कागदाचा एक फोटो.

परवानगीचा प्रश्न तिथेच उभा राहिला. मालकाने होकार दिला होता, पण चुलवाणात जळण घालणाऱ्या माणसाने चेहऱ्यासमोर हात धरला. संपादक विद्यार्थिनीने कॅमेरा खाली ठेवायला लावला आणि शेडमधल्या सहाही जणांना अंक म्हणजे काय, तो कोण वाचते, फोटो कुठे छापून येईल हे सांगून वेगवेगळे विचारले. पाच जणांनी होकार दिला. त्या एकाचे फक्त हात आणि ज्वाळा टिपल्या गेल्या. पहिल्या फेरीत हे विचारलेच गेले नव्हते, आणि ते विचारायला हवे होते हे मी त्यांना सांगितलेही नव्हते.

एडिटिंगच्या टेबलावरील निर्णय

साडेतीनशेच्या आसपास फोटोंतून चाळीस, आणि चाळिसांतून चौदा निवडले गेले. काम फलक तयार करणाऱ्या विद्यार्थ्याकडे होते. त्याने चार दिवसांनी जे दाखवले ते पाहून सगळे खूश झाले : गूळ सोन्यासारखा चमकत होता. त्याने पिवळ्या रंगाची तीव्रता वाढवली होती, सावल्यांना निळसर छटा दिली होती, आणि एकूण परिणाम दिवाळी अंकातील मिठाईच्या जाहिरातीसारखा दिसत होता. मला तो आवडला होता.

मजकुरातील काही शब्द पडताळायला संपादक विद्यार्थिनी गुळव्याकडे गेली तेव्हा तिने लॅपटॉपही नेला. त्याने फोटो पाहिले आणि हसून विचारले, ‘एवढा पिवळा गूळ माझ्या काहिलीतनं कवा निघाला, बाई? आमी पावडर टाकून बी एवढा पिवळा निघत न्हाई.’

पावडर म्हणजे हायड्रॉस. पाकाचा रंग उजळून गूळ पिवळा दिसावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइटची ही पूड वापरण्याची पद्धत अनेक गुऱ्हाळांत आहे, कारण बाजारात पिवळ्या गुळाकडे ग्राहकाचा ओढा असतो. गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर अन्नसुरक्षेच्या नियमांत मर्यादा आहे, आणि पूड न वापरलेला गूळ बहुधा तपकिरी दिसतो. म्हणजे गुऱ्हाळावर ज्या दबावाखाली गुळाचा रंग बदलला जातो, त्याच दबावाखाली आमच्या विद्यार्थ्याने तो संगणकावर बदलला होता. त्याला खोटे काही करायचे नव्हते. त्याच्या मनातला चांगला गूळ पिवळा होता.

मग सगळे फोटो पुन्हा मूळ रॉ फाइलवर नेले. रॉ फाइल एडिटिंगमध्ये बदलत नाही, बदलांची नोंद वेगळी राहते, म्हणून चार दिवसांचे काम पुसून टाकणे शक्य झाले. प्रत्येक आधणातील कोऱ्या कागदाच्या फोटोवरून पांढऱ्याचा समतोल काढून तो त्या आधणाच्या सर्व फोटोंना लावला. तरीही एक प्रश्न उरला. कागद दिवसाच्या उजेडात होता, चुलवाणाजवळची माणसे आगीच्या उजेडात. दोन्हींना एकाच आकड्याने न्याय मिळत नाही. आगीचा तांबूसपणा काढून टाकला तर आग ट्यूबलाइटसारखी दिसते. शेवटी आगीचे दोन फोटो उबदारच ठेवले आणि जिथे गूळ दिसतो तिथे मात्र रंग कागदावरून ठरवला. हा तोडगा शास्त्रशुद्ध आहे असा माझा दावा नाही, पण निदान तो का केला हे आम्हाला सांगता येत होते.

दुसरा निर्णय अधिक अवघड होता. पाण्यात गोळी तपासतानाचा जो सर्वांत देखणा फोटो होता, त्यात मागच्या कट्ट्यावर पावडरीचा डबा स्पष्ट दिसत होता. मालकाने तो पाहिला आणि साधेपणाने विचारले, ‘तेवढा डबा कंप्युटरवर काढता येतो न्हवं?’ येत होता. जिंपमधील क्लोन अवजाराने पाच मिनिटांत तिथे भिंत आणता आली असती. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले होते आणि त्यावरून मोठी टीका ओढवून घेतली होती, हे उदाहरण मी मुलांना सांगितले. एका मुलाने लगेच विचारले की डबा चौकटीबाहेर कापला तर ते चालेल का, आणि चालत असेल तर कापणे व पुसणे यांत फरक काय. वाद तासभर चालला. चौकट कुठे संपते हे वाचकाला ठाऊक असते, पण चौकटीच्या आत जे दिसते ते तिथे होते असे तो धरून चालतो, इथपर्यंत आम्ही आलो. डबा ठेवून छापले तर सर्वत्र चालणाऱ्या गोष्टीसाठी एकट्या या माणसाला उघडे पाडल्यासारखे होणार होते, आणि त्याने आम्हाला घरात घेतले होते.

अखेरीस तो फोटो वगळला. त्याच क्षणाचा, दुसऱ्या कोनातून घेतलेला, थोडा कमी रेखीव फोटो वापरला, आणि मजकुरात हायड्रॉसचा वापर, त्यामागची बाजाराची मागणी व नियम यांवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला. या गुऱ्हाळाचा त्यात उल्लेख केला नाही. काहीही पुसले गेले नाही, एवढे समाधान होते. पण वाचकाला तो परिच्छेद आणि ते फोटो यांचा संबंध जोडता येत नव्हता, ही उणीव मला तेव्हाही जाणवली होती.

छपाई

संगणकावर सगळे ठरले आणि छापखान्यातून नमुना आला तेव्हा गूळ जवळजवळ काळा दिसत होता. अंकाची पाने मॅपलिथो कागदाची होती. हा कागद शाई शोषतो, छपाईचे ठिपके पसरतात आणि मधल्या छटा गडद होतात; शिवाय पडद्यावर उजेडातून दिसणारे लाल, हिरव्या व निळ्याचे रंग चार शाईंमध्ये उतरताना मंदावतात. ऑपरेटरने सुचवले की फोटोंची पाने १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) वजनाच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर घ्यावीत. ती आठाच्या पटीत घेतली तरच कागद वाया जात नव्हता, आणि सोळा पानांचे पैसे नव्हते. म्हणून बारा पानांची आठ झाली आणि चौदा फोटोंचे अकरा. ही काटछाट मुलांना झोंबली. विभागाचे मात्र तिने भलेच केले, असे मला वाटते. गेलेले तिन्ही फोटो कोणाला आठवत नाहीत.

दुसऱ्या नमुन्यासाठी मधल्या छटा कर्व्हच्या अवजाराने थोड्या उजळल्या. मग संपादक विद्यार्थिनीने गुऱ्हाळावरून आणलेला गुळाचा तुकडा छापखान्याच्या दारात, उन्हाच्या उजेडात, नमुन्याच्या शेजारी ठेवला. ऑपरेटरने पिवळी शाई किंचित वाढवून किरमिजी कमी केली. या वेळी रंग त्या तुकड्याशी जुळला. जोडपानावरच्या फोटोत गुळव्याचा चेहरा नेमका घडीत जात होता, तेही तेव्हाच लक्षात आले आणि फोटो डावीकडे सरकवला.

परिणाम

अंक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ठरल्यापेक्षा उशिरा निघाला. अकरा फोटोंपैकी नऊ चांगले छापले गेले. एक मोबाइलवरचा फोटो जागेच्या हट्टापायी ताणून मोठा केला होता, तो पिठूळ आला. एका फोटोखालची ओळ चुकली : मळी काढण्याच्या फोटोखाली पाक ओतण्याचे वर्णन गेले. ज्या अंकासाठी आम्ही रंगाच्या छटेवर आठवडा घालवला, त्यात ही चूक चार जणांच्या डोळ्यांखालून गेली आणि ती सर्वांत आधी गुऱ्हाळावरच्या लोकांनी पकडली.

शेडमधील सहाही जणांना अंकाची प्रत आणि आपापल्या फोटोची मोठी प्रिंट दिली. ज्याने चेहरा द्यायला नकार दिला होता त्याने हातांचा फोटो घेतला आणि घरी चौकटीत लावला, असे नंतर कळले. मालकाने हायड्रॉसचा परिच्छेद वाचला. त्यावर तो काही बोलला नाही.

शिकण्याच्या बाजूने पाहता, दोन मुलांना कॅमेरा आणि एकाला एडिटिंग खरोखर आले. रॉ फाइल, मोजमाप, रंगाचा समतोल आणि छपाईची घनता या गोष्टी ते आज आत्मविश्वासाने वापरतात. उरलेल्या तिघींना शब्द ठाऊक झाले, हात बसला नाही. वर्षभराच्या कामाचे एवढेच निम्मे फळ मिळाले, याची जबाबदारी माझ्यावर येते.

पुन्हा करायचे झाले तर

फाइलींची व्यवस्था पहिल्या फेरीआधी ठरवली असती तर एक संपूर्ण फेरी वाया गेली नसती. मूळ फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड रिकामे करायचे नाही, हा नियम आता कॅमेऱ्याच्या पिशवीतच चिकटवला आहे.

कॅमेऱ्याची पाळी घड्याळ लावून फिरवायला हवी होती. पुढच्या वर्षीच्या मंडळाने प्रत्येकाला सलग वीस मिनिटे कॅमेरा आणि त्या वेळात दुसऱ्याकडे वही, अशी पद्धत ठेवली. काम मंदावले, कुरबुरीही झाल्या, पण त्या वर्षीचे मुखपृष्ठ पूर्वी फक्त यादी करणाऱ्या एका मुलीने काढले.

छपाईचा कागद आधी ठरवून त्यावर एक फोटो छापून घेतला असता तर एडिटिंग एकदाच करावे लागले असते. आम्ही ते तीनदा केले : एकदा आपल्या आवडीसाठी, एकदा गुळव्याच्या डोळ्यांसाठी आणि एकदा कागदासाठी.

डब्याच्या बाबतीत मात्र माझे मत अजून पक्के झालेले नाही. फोटो काढण्यापूर्वीच मालकाशी पावडरीबद्दल बोलायला हवे होते, एवढे नक्की. तो कदाचित आपणहून बोलला असता, आणि पेठेत पिवळ्या गुळाला जादा भाव का मिळतो हे त्याच्याच शब्दांत छापता आले असते. संपादक विद्यार्थिनीला तो फोटो डब्यासकट छापायला हवा होता असे वाटते, आणि ती ते अजूनही मला ऐकवते. वगळलेली ती फाइल तिने जपून ठेवली आहे. गेल्या हंगामात ती पुन्हा त्या गुऱ्हाळावर गेली तेव्हा डबा कट्ट्यावर त्याच जागी होता, आणि या वेळी तिने मालकाला आधी विचारले. त्याने हंगाम संपल्यावर ये, मग बोलू, असे सांगितले आहे.